आवाज थांबला की थांबायचं

साइटवर त्यांना सगळेच दाजी म्हणत. इंजिनियर मॅडम, सळई बांधणारे, गवंडी, गेटवरचा वॉचमन, झाडून सगळे. खरं तर ते एकट्या रेडिओचे, म्हणजे अखंड बडबडीमुळे ते नाव पडलेल्या सिग्नलवाल्याचे दाजी, त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पण रेडिओ दिवसभर वॉकी-टॉकीवर "दाजी डावीकडे घ्या, दाजी सावकाश, दाजी जरा थांबा" असा गजर करायचा आणि तो सगळ्या साइटच्या कानांवर पडायचा. ऐकून ऐकून जो तो दाजी म्हणायला लागला. "एवढी मोठी सासुरवाडी जगात कुणाला मिळाली नसेल," दाजी म्हणायचे, "आणि मान म्हणाल, तर पाण्याचा पेला कुणी पुढे करत नाही."

दाजी टॉवर क्रेन चालवत. इमारत चढत जाते तशी तिच्या शेजारची ती पिवळी क्रेनही चढत जाते. तिच्या खांबाच्या पोटातून शिडी, शिडीच्या टोकाला केबिन, आणि केबिन कपड्यांच्या कपाटापेक्षा फार मोठी नाही. सकाळी चढायचं ते काम सुटल्यावर उतरायचं. डबा वर, पाणी वर. बाकीच्या गोष्टींचं काय करता, असं नवीन आलेला कुणी हमखास विचारायचा. दाजी गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "क्रेनखालून जाताना छत्री घेत जा."

खालच्यांना वाटतं, वर बसलेल्याला सगळं दिसतं. तसं नसतं. माल इमारतीच्या मागच्या अंगाला उतरवायचा असला की क्रेनवाला आंधळा होतो. तिथं त्याचे डोळे म्हणजे खाली उभा असलेला सिग्नलवाला. माल हलत असेतोवर सिग्नलवाल्यानं सतत बोलत राहायचं. उतरवा, उतरवा, उतरवा. तो बोलतोय तोवर क्रेन चालणार. आवाज थांबला की थांबायचं. बॅटरी संपली असेल, माणूस ठेचकाळला असेल, नाहीतर त्याला शिंक आली असेल, काहीही असो. या धंद्यात शांतता म्हणजे "थांब", एवढं पहिल्या दिवशीच शिकवतात.

म्हणून सिग्नलवाला बोलका हवा, आणि रेडिओइतका बोलका माणूस शोधूनही सापडला नसता. शाळेत ज्या बडबडीपायी त्याला बाकावर उभं करायचे, त्याच बडबडीवर दाजींनी त्याला कामाला चिकटवला. माल उतरवता उतरवता तो सामन्याचा स्कोअर सांगायचा, मॅडमच्या नवीन चपलांचं कौतुक करायचा, मुकादमाच्या नकला करायचा. एवढं करून त्याचं "उतरवा" कधी चुकलं नाही. मेव्हणे-दाजींची ती जोडी होतीही पाहण्यासारखी. सळयांचा अख्खा भारा दोघं मिळून असा अलगद ठेवायचे की खालची धूळ उडायची नाही.

पहिल्यांदा ते झालं तो दिवस अगदी साधा होता. वारा नाही, घाई नाही, हूक रिकामा. दाजी डब्याचं झाकण उघडत होते. अचानक काळजात धस्स झालं, कुणीतरी वाईट बातमी सांगावी तसं, पण बातमी काहीच नव्हती. छाती आवळली. घसा बंद झाला. हातांना मुंग्या आल्या, कपाळावर गार घाम फुटला आणि केबिनच्या काचा जवळ जवळ सरकतायत असं वाटायला लागलं. आपण आता मरणार, इथं वर, आणि खाली कुणाला कळणारही नाही, एवढा एकच विचार डोक्यात राहिला. मग थोड्या वेळानं ते आपोआप ओसरलं. डबा उघडा तसाच होता. अंगातला शर्ट पिळून काढावा इतका ओला झाला होता.

त्यांना वाटलं, हार्ट. सुट्टीच्या दिवशी बायकोला काहीतरी थाप मारून ते डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, छाती ठोकून पाहिली आणि म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे. हा मनाच्या ताणाचा झटका. याच्यात जीव जात नाही, पण जातोय असं वाटतं, आणि ते वाटणं काही खोटं नसतं. कामावर ताण आहे का?"

होता. पूर्वी दोन क्रेनवाले आलटून पालटून चढत. दुसरा सोडून गेला आणि त्याच्या जागी माणूस "येतोय, येतोय" म्हणत आलाच नाही. इमारतीला उशीर झालेला, वरचे साहेब खालच्या साहेबांवर ओरडायचे, ते मॅडमवर, आणि मॅडम वॉकी-टॉकीवर. खालून शंभर माणसं आपल्या मालाची वाट बघत मान वर करून उभी. त्या माणसांच्याच डोक्यांवरून दिवसभर टनांनी लोखंड फिरवायचं. दाजींना हे कधी जड वाटलं नव्हतं. किंवा वाटत असेल, पण त्यांनी तिकडे लक्ष दिलं नव्हतं.

"उपचार आहेत याला," डॉक्टर म्हणाले. "मी सांगतो त्या मानसोपचाराच्या डॉक्टरांना भेटा. आणि तोवर क्रेनवर चढू नका." दाजींनी मान डोलावली. हार्ट चांगलं आहे एवढं घेऊन ते घरी आले आणि बाकीचं दवाखान्यातच ठेवलं. क्रेनवाल्याला वर धाप लागते हे साइटवर कळलं तर त्याच दिवशी खाली उतरवतील, आणि पुन्हा कुणी शिडीला हात लावू देणार नाही. त्यांना दुसरं काही येतही नव्हतं. त्यात शरमेचा भाग वेगळाच. आयुष्यभर ज्यानं खालच्यांना "घाबरू नका रे, मी वर आहे" म्हटलं, त्यानं आता काय सांगायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. वर्षाच्या तपासणीला कंपनीच्या डॉक्टरनं विचारलं, "चक्कर, घाबरं होणं, असं काही?" दाजी म्हणाले, "छे हो."

पण मेव्हण्यापासून ते लपलं नाही. एकदा झटका आला तेव्हा दाजींचा अंगठा वॉकी-टॉकीच्या बटणावर तसाच दाबलेला राहिला आणि रेडिओला तो श्वास ऐकू गेला. पळणाऱ्या माणसाचा असतो तसा श्वास, आणि माणूस तर वर खुर्चीत बसलेला. काम सुटल्यावर रेडिओनं त्यांना शिडीच्या पायथ्याशीच गाठलं.

"दाजी, काय होतंय तुम्हाला?"

"काही नाही रे. ऊन."

"ऊन? आज दिवसभर ढग होते. मी काय मॅडम आहे का, मला काहीही सांगायला?"

मग दाजींनी सांगितलं. वाळूच्या ढिगाआड बसून, सगळं. रेडिओ आयुष्यात पहिल्यांदा एवढा वेळ गप्प राहिला असेल. शेवटी तो म्हणाला, "ताईला माहिती आहे?"

"नाही. आणि तू सांगायचं नाहीस. शपथ आहे."

तेव्हापासून दोघं मिळून ते पोटात ठेवायला लागले. झटका आलाय असं श्वासावरून कळलं की रेडिओ काहीतरी खोटं काढून काम थांबवायचा. "पट्टा तपासतोय." "साखळीला पीळ पडलाय." हे किती दिवस चालणार? मॅडमच्या लक्षात यायला लागलं. अशात रेडिओला एक शोध लागला. थांबवण्यापेक्षा आपण बोलतच राहिलो, नेहमीच्या सुरात, तर दाजींचा श्वास लवकर ताळ्यावर येतो. "श्वास घ्या दाजी, सावकाश, मी आहे ना. ताईनं आज भाजी कसली दिलीय? परत दोडका? अरे देवा, मग घाबरणारच माणूस." वर दाजी थरथरत असायचे आणि त्यातही त्यांना हसू यायचं. एकदा तर झटका येऊनही कामात खंड पडला नाही. दोघांना वाटलं, जमलं. आपण याच्यावर मात केली. शहाण्या माणसांना कधीकधी नको ते जमतं, त्यातलाच तो प्रकार.

कारण एवढी वर्षं त्या आवाजाचा एकच अर्थ होता. आता त्याच आवाजाला त्यांनी दुसरं काम दिलं होतं, आणि दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही की हात आवाजावर चालतो, अर्थावर नाही.

त्या आठवड्यात मॅडमनी सगळ्यांसमोर बजावलं होतं, "आता पुन्हा विनाकारण काम थांबलं तर तुम्हा दोघांनाही ऑफिसात बोलावीन." दुपारी सेंट्रिंगच्या लोखंडी प्लेटांची थप्पी मागच्या अंगाला उतरवायची होती. रेडिओ मागे उभा राहून बोलत होता, "उतरवा, उतरवा, उतरवा," आणि वर केबिनमध्ये झटका आला. मोठा. दाजींची बोटं आखडली आणि लिव्हरभोवती तशीच आवळून बसली. दुसऱ्या हातात वॉकी-टॉकीचं बटण क्षणभर दाबलं गेलं आणि रेडिओला श्वास ऐकू आला. त्यानं "थांबा" म्हणायला हवं होतं, नाहीतर नुसतं गप्प बसायला हवं होतं. त्याला मॅडम आठवल्या असतील, ताई आठवली असेल. तो म्हणाला, "दाजी, काही नाही, काही नाही. श्वास घ्या. मी आहे. मी इथंच आहे." आणि दाजी कसे आहेत ते दिसावं म्हणून, केबिनची काच जिथून दिसते तिथं तो मान वर करून सरकला. बोलत बोलतच सरकला. वर दाजींच्या कानात आवाज चालू होता, म्हणून हात चालू राहिला. थप्पी खाली येत राहिली.

आवाज थांबला तेव्हा दाजींचा हातही थांबला. सवयच तशी होती. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

रेडिओचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. शुद्धीवर आल्यावर भेटायला गेलेल्या दाजींना त्यानं जवळ वाकायला सांगितलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

"मी साहेबांना सांगितलंय, मीच मालाखाली गेलो. माझंच लक्ष नव्हतं. तुम्ही तोंड उघडायचं नाही."

"अरे पण..."

"पण नाही नि बिण नाही. जिवावरचं पायावर निभावलं. माझा गेला तो गेला, आता तुम्ही बोललात म्हणून तो काय परत उगवणार आहे? दोघंही घरी बसलो तर ताईनं कुणाच्या तोंडाकडे बघायचं?"

दाजी गप्प बसले. ते बरोबर होतं का? नव्हतं. पण समोर पांघरुणाखाली एक पाय जिथं संपायला नको तिथं संपलेला दिसत होता, आणि ज्याचा तो पाय तोच विनवण्या करत होता. तिथं माझं नि तुमचं शहाणपण किती टिकलं असतं कोण जाणे.

मग बायको आली. डबा टेबलावर ठेवला आणि भावाला पाहून तिचा संताप उसळला. ती रडली असती तर दाजींना सोसलं असतं. ती रागावली. "लहानपणापासून असाच! आ वासून वर बघत चालायचं. गटारात पडलास, विहिरीच्या कठड्यावरून पडलास, अक्कल म्हणून आली नाही. एवढी मोठी वस्तू डोक्यावर येतेय आणि हा बाबा खाली उभा! यांचं नशीब म्हणून मोठा ठपका आला नाही, नाहीतर यांनाही घेऊन बुडाला असतास!"

"चुकलं ताई," रेडिओ म्हणाला, आणि तिच्या खांद्यावरून दाजींकडे बघून त्यानं डोळा मारला. दाजी पाणी आणतो म्हणून बाहेर गेले आणि जिन्यात बसून राहिले.

चौकशी पुरी होईपर्यंत क्रेन बंद होती. दाजींना खाली, स्टोअरमध्ये बसवलं होतं. रोज सकाळी काम सुरू होण्याआधी सगळ्यांना रांगेत उभं करून सुरक्षिततेचे चार शब्द सांगायची पद्धत होती. पूर्वी दाजी तेवढ्यात शिडी चढून जायचे, त्यामुळे त्यांनी ते कधी ऐकलेच नव्हते. आता ऐकावे लागले. सेफ्टीचे साहेब हेल्मेट काखेत धरून सांगत, "काय करू नये? रेडिओनं केलं ते करू नये. लटकत्या मालाखाली कोण जातं? मूर्ख जातो. काय म्हटलं मी?" आणि सगळी रांग एका सुरात म्हणे, "मूर्ख." त्यात रेडिओच्या नकलांना पोट धरधरून हसलेली माणसं होती. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. दाजी रांगेच्या टोकाला उभे राहून बुटांकडे बघत. त्या शब्दाची त्यांना घरी जेवताना आठवण व्हायची आणि घास फिरायचा.

चौकशीचा दिवस आला. साइटवरचं ऑफिस म्हणजे पत्र्याचा लांब डबा, आत गार हवेचं यंत्र, भिंतीवर नकाशे. टेबलापलीकडे मॅडम, सेफ्टीचे साहेब आणि मुख्य ऑफिसातून आलेले एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ. ते सौम्यपणे म्हणाले, "बसा दाजी. तुमच्यावर काही नाही. सिग्नलवाल्यानं चूक कबूल केलीय. त्याला कामावर परत घेता येणार नाही, पण ते आम्ही बघू. तुम्ही फक्त एकदा तुमच्या तोंडानं सांगा. तो मालाखाली येतोय हे तुम्हाला कळण्यासारखं नव्हतं, बरोबर?"

'बरोबर' म्हटलं की सुटले. दाजींनी तोंड उघडलं आणि छाती आवळली.

त्यांना ओळख पटली. मुंग्या, गार घाम, जवळ येणाऱ्या भिंती. दार हाताशी होतं. आजवर प्रत्येक वेळी ते कुठं ना कुठं लपले होते, वर केबिनमध्ये, घरी न्हाणीघरात नळ सोडून, एकदा तर भाच्याच्या वाढदिवसाला गच्चीवर. आता उठावं, लघवीला जातो म्हणावं, ओसरल्यावर परत येऊन 'बरोबर' म्हणावं. ते अर्धे उठलेही. मग खुर्चीचा हात धरून तिथंच उभे राहिले.

"बघा," ते म्हणाले. शब्द नीट फुटेना. "हे बघा. आता. होतंय ते बघा."

"पाणी आणा! हार्ट आहे!" साहेब ओरडले. मॅडम टेबलाला वळसा घालून धावत आल्या. दाजींचे पाय गेले, ते जमिनीवर बसले, भिंतीला पाठ लावून. सगळ्यांच्या देखत त्यांना धाप लागली, हात वाकडे झाले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि शर्ट त्या दिवशीसारखाच भिजला. साहेब त्यांची बटणं सोडत होते.

"हार्ट नाही," दाजी म्हणाले. "हे वर होतं मला. त्या दिवशी हेच झालं. माझा हात माझ्या ताब्यात नव्हता. तो मला धीर देत होता हो. मला धीर देता देता आला तो मालाखाली." मग त्यांना हुंदका फुटला, आणि रडत रडतच म्हणाले, "सकाळी त्याला मूर्ख म्हणू नका."

श्वास परत आला तेव्हा मॅडम त्यांच्या शेजारी खालीच बसल्या होत्या. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "दाजी, मी बजावलं होतं, म्हणून तो थांबला नाही का?" दाजींनी नाही म्हणायला हवं होतं. चांगली बाई होती. पण त्या दिवशी त्यांच्याकडे खोटं शिल्लक नव्हतं. ते म्हणाले, "ते पण असेल."

रेडिओवरचा ठपका निघाला. चालायला लागलास की स्टोअरमध्ये बसून करण्यासारखं काम देऊ, असं त्याला कळवलं. सकाळच्या रांगेतून त्याचं नाव गेलं. दाजींचं क्रेनवर चढणं कायमचं बंद झालं. दवाखान्याचा खर्च कंपनी देईल, म्हणाले, म्हणून दाजी एकदाचे त्या मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरबाई चांगल्या होत्या. तुम्ही आधी यायला हवं होतं, असं एकदाही म्हणाल्या नाहीत. त्यामुळे उलट दाजींना जास्त लागलं.

रेडिओला मात्र हे अजिबात रुचलं नाही. दाजी भेटायला गेले तर तो पलंगावर उठून बसला आणि ओरडलाच, "पाय देऊन तुमची क्रेन राखली होती मी! तीही घालवलीत. म्हणजे माझा पाय फुकट गेला की हो!" एवढं बोलून तो कुशीवर वळला, भिंतीकडे तोंड करून. दाजी संध्याकाळपर्यंत बसले. ज्याचं तोंड शिक्षकांना मिटवता आलं नव्हतं, त्यानं एक शब्द काढला नाही.

घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं. स्वयंपाकघरात ती शेंगा सोलत बसली होती, तिच्यासमोर खाली बसून पहिल्यापासून सांगितलं. डब्याचं झाकण, डॉक्टर, वाळूचा ढीग, सगळं. ती सोलत राहिली. हात थांबले ते अगदी शेवटी.

"म्हणजे त्याला माहिती होतं."

"हो."

"मी दवाखान्यात त्याला नाही नाही ते बोलले, तेव्हा तुम्ही दोघं..." पुढचं तिनं गिळलं. "आणि मला का नाही सांगितलंत? मी काय परकी?"

दाजी खाली सांडलेले दाणे वेचायला लागले.

"मला सांगितलं असतंत तर मी तुम्हाला त्या शिडीला हात लावू दिला नसता. उंबऱ्यातच आडवी पडले असते."

"म्हणूनच नाही सांगितलं," दाजी म्हणाले.

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. रागानं नाही. आपण एवढी वर्षं ज्याच्या शेजारी झोपलो तो माणूस आत्ता कुठं दिसतोय, अशा नजरेनं.

"मग माझ्या भावाचा पाय असता हो," ती म्हणाली.

आणि मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, ती रडली. शेंगांची टरफलं मांडीवर तशीच होती. दाजींना तिच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, पण तो हात उचलण्याची त्यांची हिंमत झाली नाही.